सरकारी माहितीपट : उपदेश की अधिकार?

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी तालुक्याच्या गावी किंवा मुंबईच्या गिरणगावात तिकीट काढून चित्रपट पाहिले, त्यांना मुख्य चित्रपटाआधीची ती पंधरा-वीस मिनिटे खचित आठवत असतील. धरणाची भिंत, डोलणारे पीक, लस टोचून घेणारे मूल, दोन मुलांसह हसणारे जोडपे आणि या सर्वांवर निवेदकाचा भारदस्त आवाज. ‘न्यूज संपली का?’ असे विचारीत, विडी विझवून आत येणारे प्रेक्षकही आठवत असतील. हा कार्यक्रम प्रेक्षकाने मागितलेला नव्हता आणि चित्रपटगृहाच्या मालकानेही नव्हता. तो सक्तीने दाखविला जात असे.

या सक्तीचा इतिहास उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला युद्धप्रयत्नांसाठी लोकमत घडवावयाचे होते. त्यासाठी १९४० साली फिल्म ॲडव्हायजरी बोर्ड स्थापन झाले आणि १९४३ साली भारत संरक्षण नियमांच्या आधारे सरकारमान्य चित्रफिती दाखविण्याचे बंधन चित्रपटगृहांवर घालण्यात आले. १९४६ साली ही यंत्रणा गुंडाळली गेली. परंतु स्वातंत्र्य मिळताच नव्या सरकारला तिची उणीव भासू लागली. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि जुनी सक्ती परवान्याची अट होऊन परत आली. दोन हजार फुटांपर्यंतची मान्यताप्राप्त चित्रफीत प्रत्येक खेळाला दाखवावयाची आणि तिच्यासाठी निव्वळ उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत भाडेही मालकानेच भरावयाचे, अशी ही व्यवस्था होती. परकीय सरकारने प्रजेसाठी बनविलेले हत्यार स्वकीय सरकारने नागरिकांसाठी जसेच्या तसे वापरावयास घेतले.

१९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती वैध ठरविली. नागरिकाला समजून-उमजून निर्णय घेता यावा अशी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी केलेली सक्ती म्हणजे भाषणस्वातंत्र्याचा संकोच नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. हे वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढील सर्व विवेचनाची कसोटी त्यातच आहे. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. संस्था गेली, वृत्ती मात्र गेली नाही. २०२० साली साथीच्या काळात कोणालाही दूरध्वनी केला की पलीकडची घंटा वाजण्याआधी खोकल्याचा आवाज आणि सरकारी सूचना ऐकावी लागे. चित्रपटगृहातील ती वीस मिनिटे आता प्रत्येकाच्या कानाशी आली होती.

प्रश्न असा की, या प्रचंड खटाटोपाने माणसाचे रोजचे वागणे बदलले काय? सरकारी अहवाल ‘होय’ म्हणतात आणि उपहास करणारे ‘नाही’ म्हणतात. दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. काही बाबतींत वागणूक झपाट्याने बदलली आणि काही बाबतींत तसूभरही बदलली नाही. हा फरक कशामुळे पडला, हे शोधले पाहिजे. महाड-पोलादपूरचा अनुभव त्या दृष्टीने फार बोलका आहे.

नाणे का रुजले?

प्रथम यशाचे उदाहरण घेऊ. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढील वर्षापासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमची वजने आली. निरक्षरांची संख्या मोठी असलेल्या देशात पिढ्यान्‌पिढ्यांचा आणे-पैचा आणि शेर-मणाचा हिशेब बदलावयाचा होता. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, असे कोष्टक लोकांच्या हाती आले. या कोष्टकात गरिबाचा अर्धा-पाव पैसा मारला जातो की काय, ही शंका बाजारात रास्तपणे विचारली गेली. दशमान पद्धतीवर माहितीपटही निघाले. आणि बघता बघता देशाने हा बदल पचविला.

याचे श्रेय माहितीपटाचे किती? थोडे आहे, पण मुख्य नाही. नवे नाणे प्रत्येकाच्या हातात आले होते. दुकानातील वजनावर शिक्का होता आणि जुने वजन ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला कायद्याचा धाक होता. केवळ गिऱ्हाईकानेच शहाणे व्हावे, अशी अपेक्षा नव्हती. बंधन व्यापाऱ्यावरही होते. पडद्यावर जे सांगितले ते दुसऱ्या दिवशी बाजारात घडत होते. जेथे सरकारी बंधन पोहोचले नाही तेथे जुनी मापे टिकून राहिली. कोकणात घरातले भात पुढे कित्येक वर्षे पायलीने आणि खंडीनेच मोजले गेले, आणि त्यात कोणाचे काही अडले नाही.

अलीकडचे उदाहरण पोलिओचे. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा रुग्ण आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. ‘दोन थेंब’ हे शब्द चित्रफितींनी घरोघर नेले हे खरे, परंतु ते दोन थेंब घेऊन आशाताई, अंगणवाडीसेविका आणि आरोग्यसेविका डोंगर चढून वाडीवर गेल्या. संदेशाला पाय होते, म्हणून तो पोहोचला. त्या पायांना मिळणारे मानधन किती तुटपुंजे होते, हे कोणत्याही चित्रफितीत दाखविले गेले नाही, ही गोष्ट वेगळी.

दोषारोपाचा पडदा

आता दुसरी बाजू पाहू. महाड-पोलादपूरच्या वाड्यांचे अर्थकारण दीर्घकाळ मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत आले. कर्ता पुरुष गिरणीत आणि भातशेती, गुरे, म्हातारी माणसे व मुले बाईच्या माथ्यावर, अशी ही विभागणी होती. पडदा मुंबईत होता, बाई गावात होती. केंद्र सरकारच्या क्षेत्रप्रसिद्धी यंत्रणेच्या गाड्या १९५३ नंतर खेडोपाडी फिरू लागल्या हे खरे. परंतु जेथे रस्ता तेथे गाडी आणि जेथे गाडी तेथे पडदा. आंबेनळी घाटाच्या कुशीतील ज्या कोंडावर आजाऱ्याला डोलीत घालून खाली आणावे लागे, तेथे पडदा कोठून येणार?

आणि आला असता तरी त्याने काय सांगितले असते? ‘पाणी उकळून प्या. हात स्वच्छ धुवा.’ सल्ला उत्तमच आहे. पण ज्या प्रदेशात पावसाळ्यात डोंगरावरून पाण्याचे लोट वाहतात, त्याच प्रदेशात चैत्र-वैशाखात बाईला हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो आणि टँकरची वाट पाहावी लागते. हात धुवावयाचे की पाणी प्यायला ठेवावयाचे, हा तिच्यापुढील प्रश्न आहे. उकळावयाचे तर सरपण आणखी वेगळे. २०२० साली ‘अंतर राखा’ हा संदेश दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण राहणाऱ्या चाकरमान्याला ऐकविला गेला, त्याची जात हीच.

अशा संदेशाने वागणूक बदलत नाही, एवढेच त्याचे नुकसान नाही. तो दोषाची जागा बदलतो. नळ न देणाऱ्या व्यवस्थेचा दोष न उकळणाऱ्या बाईच्या पदरी टाकतो. आजार का झाला? तर अज्ञानामुळे. दारिद्र्य का आले? तर मुले जास्त म्हणून. सामाजिक प्रश्नाचे रूपांतर वैयक्तिक सवयीत करावयाचे आणि मग सवय सुधारण्याचा उपदेश करावयाचा, ही त्यातली मेख आहे.

कुटुंबनियोजनाच्या प्रचाराने हे सर्वांत ठळकपणे दाखविले. १९५२ पासून हा राष्ट्रीय कार्यक्रम होता. लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’ हे घोषवाक्य देशभर पोहोचले. पण १९७१ च्या सुमारास देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १३० बालके पहिला वाढदिवसही पाहत नव्हती. ज्याला निवृत्तिवेतन नाही, ज्याची शेती वीतभर आहे, त्याला म्हातारपणाची काठी म्हणून किती मुलांचा भरवसा धरावा लागेल, याचा हिशेब शेतकरी करीत होता. तो अज्ञानी नव्हता. त्याचा हिशेब पडद्यावरच्या हिशेबापेक्षा पक्का होता.

उपदेश पुरेसा वेगाने फळत नाही असे दिसताच सरकारचा धीर सुटला. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक आणि तलाठी यांना ‘कोटा’ ठरवून देण्यात आला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही, एवढेच. याच काळात शासकीय प्रसारमाध्यमे कशी राबविली गेली, याची कबुली १९७७ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या श्वेतपत्रिकेत आहे.

या सक्तीची किंमत अजून चुकती झालेली नाही. १९७६-७७ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्यानंतर पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेर पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्त्री-नसबंदीचा अवलंब केलेल्या विवाहितांचे प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के. पुढे कुटुंबे लहान झाली ती मुले जगू लागली, मुली शाळेत जाऊ लागल्या आणि लग्नाचे वय वाढले म्हणून. जो पुरुष प्रचाराचा श्रोता होता तो निसटला आणि जिच्यापर्यंत पडदा पोहोचलाच नव्हता तिच्याच शरीरावर सारा भार आला.

याच विषयावर र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यांच्यापाशी ना पडदा होता, ना परवान्याची अट. नोकरी गेली, खटले झाले. परंतु त्यांच्या मासिकात वाचक प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तर मिळे. पडद्याला प्रश्न विचारता येत नाही.

महाडचा धडा

वागणूक कशाने बदलते याचे उत्तर वस्तुतः महाडनेच १९२७ साली दिले आहे. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, असे सरकारने सांगितले. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून ठरावही केला. माहिती दिली गेली, आदेश निघाला, पण चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्याच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्यावर चालत गेली, तेव्हा तो आदेश प्रत्यक्षात उतरला. त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १९३७ साल उजाडले.

परंतु या लढ्याची दुसरी बाजू या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना रोजच्या वागणुकीविषयी सांगितले होते. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका. डिसेंबरच्या परिषदेत स्त्रियांना पेहरावाविषयी आणि मुलींच्या शिक्षणाविषयी सांगितले. या सवयी शतकांच्या होत्या आणि दारिद्र्याशी बांधलेल्या होत्या. तरीही गावोगाव माणसांनी उपासमार आणि बहिष्कार सोसून त्या सोडल्या. ना चित्रफीत, ना प्रसिद्धी खाते. मग असे काय होते? सांगणारा ऐकणाऱ्यांतला होता आणि त्यांच्याबरोबर मार खाण्यास तयार होता. सवय बदलणे ही सरकारची मर्जी राखण्याची बाब नव्हती; आत्मसन्मानाच्या लढ्यातले ते स्वतःचे पाऊल होते. उपदेश आणि हक्क तेथे एकाच हाताने दिले गेले. सरकारी माहितीपटाने उपदेश ठेवला आणि हक्क गाळला.

याचा अर्थ सर्व माहितीपट टाकाऊ होते असा नव्हे. एस. एन. एस. शास्त्री यांच्या ‘आय ॲम ट्वेंटी’ मध्ये १९६७ साली देशाच्याच वयाच्या तरुणांना मोकळेपणाने बोलू दिले गेले. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ आजही मुलांच्या तोंडी आहे. माध्यम दोषी नाही. जेथे सामान्य माणसाला बोलू दिले अथवा त्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवला, तेथे त्या माध्यमाने उत्तम कामच केले.

जी माहिती दिली गेली नाही

आता सर्वोच्च न्यायालयाच्या त्या कसोटीकडे वळू. नागरिकाला समजून-उमजून निर्णय घेता यावा अशी माहिती. महाड-पोलादपूरच्या माणसाला अशी कोणती माहिती हवी होती?

२५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते आणि पोलादपूर तालुक्यातील कोतवाल, कोंढवी परिसरात दरडी कोसळल्या. दोन तालुक्यांत मिळून जवळपास दोनशे माणसे गाडली गेली. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड पुन्हा पाण्याखाली गेले आणि तळिये येथे एका दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही तेच घडले. तळियेच्या अनेक कुटुंबांना पक्की घरे मिळण्यापूर्वी कंटेनरच्या निवाऱ्यात पावसाळे काढावे लागले.

दरडीपूर्वी जमिनीला भेगा पडतात, झऱ्याचे पाणी गढूळ होते, झाडे व खांब कलतात. हे सांगणारी चित्रफीत अवश्य असावी. पण मध्यरात्री कोसळत्या पावसात भेग दिसली तर जावयाचे कोठे? गुरे कोठे बांधावयाची? शाळेची किल्ली कोणाकडे? वीज आणि दूरध्वनी बंद असताना कळवावयाचे कसे? या प्रश्नांची उत्तरे चित्रफितीत नसतात. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या आराखड्यात, निधीत आणि पुनर्वसनाच्या जागेत असतात. आणि ज्या वाड्यांना धोका आहे त्यांच्या याद्यांचा भरवसा किती? १९ जुलै २०२३ च्या रात्री याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे शासनालाच सांगावे लागले.

पश्चिम घाटाच्या परिसराचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारनेच माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. तो स्थानिक भाषांत आणून ग्रामसभांपुढे ठेवावा आणि त्यांच्या मतानुसार पुढे जावे, ही समितीची भूमिका होती. सरकारने काय केले? अहवाल दडवून ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाली, सरकार न्यायालयात गेले, तेथे हरले आणि २०१२ च्या मे महिन्यात नाइलाजाने अहवाल उघड झाला. ज्या राज्ययंत्रणेने अर्धशतकाहून अधिक काळ लोकांना सक्तीने चित्रफिती दाखविल्या, तिने डोंगराविषयीची ही माहिती डोंगरात राहणाऱ्यांपासून लपविण्यासाठी वकील उभे केले.

कारखान्यांची गोष्ट निराळी नाही. भोपाळच्या संहारानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक रसायनांविषयीची आणि त्यांपासून बचावाची माहिती कामगारांना व आसपासच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. महाडची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांची आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगार प्राणास मुकले. वायू सुटला तर वाऱ्याच्या कोणत्या दिशेने पळावयाचे, हे या परिसरातील किती घरांना ठाऊक आहे? हात धुण्याविषयी त्यांनी आयुष्यभर ऐकले आहे.

कार्यकर्त्याचे काम

म्हणून सरकारी माहितीविषयी कार्यकर्त्याने तीन प्रश्न सतत विचारले पाहिजेत. सांगितलेले वागणे शक्य व्हावे म्हणून सरकारने स्वतः काय दिले? बंधन फक्त गरिबावर आहे की व्यापाऱ्यावर, मालकावर आणि अधिकाऱ्यावरही आहे? आणि ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची जागा कोठे आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. ती जागा ग्रामसभा आहे. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी प्रत्येक धोक्याच्या वाडीत ग्रामसभा भरवून दरडप्रवण गावांची यादी, निवाऱ्याची जागा आणि तेथील जबाबदार माणसाचे नाव लेखी मागता येते. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांना रसायनांची माहिती आणि बचावाचा आराखडा मागता येतो. ग्रामसभा मुंबईतल्या चाकरमान्याच्या सोयीने शिमग्याला घेतली तर तोही तिला हजर राहील. आणि बायका बोलतील अशा वेळी, म्हणजे पाणी भरून झाल्यावर, ती भरविली पाहिजे.

राष्ट्र सेवा दलाची कलापथके एकेकाळी कंदिलाच्या उजेडात खेळ करीत. खेळ संपला तरी कार्यकर्ते उठत नसत. गावकऱ्यांशी बोलत बसत. सरकारी गाडी पडदा गुंडाळून रात्रीच निघून जाई. पुढच्या पावसात वाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडेल, तेव्हा कोणाला हाक मारावयाची हे त्या वाडीला आधीपासून माहीत असले पाहिजे. ते माहीत करून देणे आणि हाक आली की जाणे, एवढे काम या दोन तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले तरी पुष्कळ आहे.